कार्ड बदलण्याचा अधिकार फक्त मला

माझ्या गैरहजेरीत प्रयोगशाळेतला एक कागदसुद्धा इकडचा तिकडं होणार नाही, अशी व्यवस्था मी करून ठेवली होती. ही बढाई नाही. दसऱ्याच्या रजेच्या अर्जात मी तसं लिहूनच दिलं होतं आणि त्या अर्जाची स्थळप्रत अजून माझ्याकडं आहे. आता ती कुणाला दाखवत नाही, एवढंच.

प्रयोगशाळा म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांपुढं आणू नका. लोहाऱ्याच्या रस्त्यावर आमच्या सहकारी दूध संघाचं शीतकरण केंद्र होतं. त्यातली दहा बाय बाराची एक खोली, एक ओटा, काचेच्या नळ्यांचा लाकडी स्टँड आणि एक नळ. नळाला पाणी यायचं, पण आठवड्यातून एकदा, सरकारी टँकर आमच्या टाकीपर्यंत पोचला तर. सात गावांच्या दूध संस्था रोज सकाळी कॅन घेऊन यायच्या. आम्ही दूध तपासायचं, चांगलं निघेल ते थंड करायचं आणि दहा वाजता ते शिवलिंगप्पाच्या टँकरमधून सोलापूरला जायचं. साल शहाऐंशी. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. सात गावांत दूध सोडून दुसरं काही निघतच नव्हतं.

मी बी.एस्सी., रसायनशास्त्र, पहिला वर्ग. रुजू झालो त्या दिवशी भिंतीवर एकाच तपासणीचे तीन कागद चिकटवलेले दिसले. एकावर दूध सतरा मिली घ्या म्हटलेलं, दुसऱ्यावर दहा, आणि तिसऱ्यावर आकड्याच्या जागी झुरळानं खाल्लेलं भोक. मदतनीस पिराजीला विचारलं, "यातला चालू कागद कोणता?"

"तिन्ही चालूच हायेत की, साहेब. ज्याच्यासमोर हुबं ऱ्हावं त्यो वापरायचा."

पिराजी चाळिशीचा, सातवी पास आणि अतिशय सरळ माणूस. सांगितलं तेवढं अगदी बरोबर करणार. न सांगितलेलं मेला तरी करणार नाही. मी ते कागद बदलायच्या आतच एका सकाळी त्यानं सतराच्या कागदासमोर उभं राहून माप घेतलं आणि दहाच्या कागदासमोर उभं राहून हिशेब केला. अकराशे लिटर चांगलं दूध आंबट ठरलं. टँकर रिकामा गेला.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या कार्यालयातले पंचाक्षरी साहेब जीपनं आले. ते कधी आवाज चढवत नसत, त्यामुळं जास्त भीती वाटायची. म्हणाले, "बब्रुवान, एकदा झालं. या मोसमात पुन्हा टँकर रिकामा गेला, तर तो मी नळदुर्गच्या रस्त्याला लावतो आणि या केंद्राला कुलूप. सात गावांना काय सांगायचं ते तू सांग."

त्या रात्री मी जेवलो नाही. सकाळी उठून पद्धत तयार केली.

पाच तपासण्या, पाच कार्डं. जाड पांढरा कागद कापून, दूध सांडलं तरी अक्षर हलू नये म्हणून सोलापूरहून आणलेल्या न पुसणाऱ्या काळ्या शाईनं लिहिलेली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात आवृत्तीचा आकडा, खाली माझी सही. रीतीत अर्ध्या मिलीचा फरक झाला तरी नवं कार्ड, नवा आकडा. पांढरं कार्ड म्हणजे रीत चालू. लाल कार्ड म्हणजे रीत रद्द. खिळ्यावर लाल कार्ड दिसलं की ती तपासणी नवं कार्ड येईपर्यंत करायचीच नाही.

मग अधिकार. ते मी टाइप करून घेतले. वाचणे: रसायनज्ञ व पिराजी. नोंद करणे: रसायनज्ञ व पिराजी. कार्ड काढणे, लावणे, बदलणे: फक्त रसायनज्ञ. रीत रद्द झाल्यास पिराजीने त्याच दिवशी सर्व संस्थांना व जिल्हा कार्यालयास कळवावे. आणि शेवटी, मला फार आवडलेलं कलम: ज्याचे नाव यादीत नाही त्याने कार्डाच्या बाबतीत हात, डोळा व तोंड घालू नये.

हे मी दोघांना उभं करून वाचून दाखवलं. दुसऱ्या म्हणजे धुरपदाबाई. साठीच्या आसपासच्या. झाडलोट, पुसणं आणि नळ्या धुणं त्यांच्याकडं.

"ह्यात माजं नाव कुठं आलं?" त्यांनी विचारलं.

"तुमचं नाही, धुरपदाबाई. तुम्हाला वाचता येत नाही ना."

"बरं झालं. डोस्क्याचा तेवढाच ताप कमी."

चार महिने पद्धत घड्याळासारखी चालली. कार्डं तिसऱ्या आवृत्तीपर्यंत पोचली. मग दसरा आला. आमच्या घरी छप्पन सालापासून दसरा म्हणजे नागपूर. यंदा आईला दीक्षाभूमीला न्यायचं ठरलं होतं, म्हणून मी अष्टमीपासूनच रजा घेतली. निघताना पिराजीला नियमांची यादी दिली आणि धुरपदाबाईंना सांगितलं, "दसरा झाला की ओटा, भिंत, नळ्या, सगळं सोड्याच्या पाण्यानं लख्ख करा. मी येईन तेव्हा चमकलं पाहिजे."

"चमकंल," त्या म्हणाल्या.

दसरा होऊन दोन दिवसांनी सकाळी नऊ वाजता मी एस.टी.तून केंद्रासमोर उतरलो आणि बॅग हातातच राहिली. सातही गावांचे कॅन बाहेर उन्हात रांगेनं उभे. शिवलिंगप्पाचा टँकर फाटकात, पंचाक्षरी साहेबांची जीप लिंबाखाली. आणि प्रयोगशाळेच्या दारात स्टुलावर पिराजी, मांडीवर नियमांची यादी, परीक्षेतल्या पहारेकऱ्यासारखा.

"पिराजी, कॅन बाहेर का? आत घे, दूध तापतंय."

"न तपासलेलं दूध आत घ्यायचं न्हाय. तपासणी बंद हाय, साहेब."

"कुणी बंद केली?"

"कार्डानं."

मी आत गेलो. भिंत खरोखर चमकत होती. आणि तिच्यावर ओळीनं पाच खिळ्यांना पाच लाल कार्डं लटकत होती.

मी जवळ जाऊन पाहिलं. अक्षर माझं. शाई माझी. आवृत्ती तीन. खाली माझी सही. आणि सगळं विटेसारखं लाल. नापासांची यादी लागावी, तिच्यात आपलं नाव असावं आणि ती यादी आपल्याच हातानं लिहिलेली असावी, तसं मला झालं. कार्डांचं कुलूपबंद कपाट उघडून पाहिलं. जुनी रद्द कार्डं मोजून जागच्या जागी. किल्ली तर नागपूरला माझ्याच खिशात होती.

"कार्डं खिळ्यावरून कुणी काढली?"

"कुणीबी न्हाय," पिराजी म्हणाला. "काल दुपारपतोर लाल नव्हती. सांजच्याला बघतोय तर लाल. मग नियमापरमानं समदं केलं. सात गावाला चिठ्ठ्या धाडल्या शेवटच्या गाडीच्या कंडक्टरजवळ, आन पोस्टातनं साहेबास्नी फोन केला."

"चिठ्ठीत काय लिहिलंस?"

"सर्व रीती रद्द."

याचा अर्थ सातही संस्थांनी आपापल्या गावातली तपासणीसुद्धा बंद केली होती आणि दूध जसं निघालं तसं पाठवून दिलं होतं. मी भिंतीला टेकलो. ती अजून ओलसर होती.

एवढ्यात पंचाक्षरी साहेब आत आले. माझा दंड धरून मला कोपऱ्यात नेलं आणि अगदी हळू विचारलं, "वरून काही आलंय का?"

"साहेब, वरून आलं तर तुमच्याकडूनच येणार ना?"

"माझ्याकडून नाही आलं. म्हणून विचारतोय." त्यांच्या कपाळावर घाम होता. "कार्ड बदलण्याचा अधिकार फक्त तुला. तू नागपूरला. म्हणजे ज्यानं बदललं त्याचा अधिकार तुझ्याहून मोठा. तो कोण ते मला ठाऊक नाही, म्हणजे माझ्याहूनही मोठा. खबरदारी म्हणून मी बाकीच्या चार केंद्रांची तपासणीही थांबवलीय."

"चारही?"

"चारही."

मी म्हणालो, "मी आत्ताच्या आत्ता नवी पांढरी कार्डं लिहितो."

"अरे, तुझ्याहून मोठ्या माणसानं रद्द केलेली रीत तू कोणत्या अधिकारात चालू करणार? तूच यादी टाइप केलीस. मी तीच यादी सगळ्या केंद्रांना पाठवलीय, आदर्श म्हणून."

बाहेरून शिवलिंगप्पा ओरडला, "अय्यो साहेब, दहाला निघालो न्हाय तर दूध वाटेत दही होतंय. मग सोलापुरात मी काय वाटीनं वाढत बसू?"

साडेनऊ वाजले होते. ज्या टँकरसाठी मी ही सगळी पद्धत केली, तो त्याच पद्धतीमुळं रिकामा निघायच्या बेतात होता.

तेवढ्यात आबाराव घुसले. पहिल्या गावच्या संस्थेचे चेअरमन, धोतर खोचलेलं, हातात दुधानं भरलेला लांब दांड्याचा डाव.

"वास घ्या, वास घ्या साहेब. माज्या कॅनला आंबूस मारायला लागलंय. दुष्काळात जनावर जगवायचं आमी आन तुमी हितं कागदं बघत बसा."

त्यांनी डाव माझ्या नाकाशी आणला. मी दचकून मागं सरलो. डाव माझ्या खांद्याला लागला आणि दूध उडून थेट पहिल्या कार्डावर गेलं.

आम्ही सगळे पाहत राहिलो. जिथं जिथं थेंब पडला, तिथं तिथं लाल कार्ड पिवळं झालं. एक थेंब ओघळत खाली गेला आणि त्याच्या मागोमाग पिवळा रस्ता उमटला, माझ्या सहीपर्यंत.

पंचाक्षरी साहेब दोन पावलं मागं सरले. पिराजीनं यादी वरपासून खालपर्यंत वाचली. म्हणाला, "पिवळ्याचा नियम न्हाय, साहेब."

मी मात्र कार्डाला नाक लावलं. दुधाच्या वासाखालून दुसरा एक वास आला, कालवणाचा. माझ्या डोक्यात दिवा लागला.

"धुरपदाबाई," मी हाक मारली. त्या दाराबाहेर फडकं पिळत होत्या. "कार्डांना हळद कुणी लावली?"

"म्या लावली."

"का?"

"का म्हंजी? खंडेनवमी नव्हती व्हय? हत्यारं पुजायची असत्यात. तुमचा काटा पुजला, नळ्या पुजल्या. आन समदं काम कार्डावर चालतंय म्हनल्यावर थोरलं हत्यार तेच. तळव्याला हळद घेऊन लावली चांगली. खिळ्यावरनं काढलं न्हाय हां. कुंकूबी लावलं न्हाय. लाल म्हंजी रद्द, एवढं कळतंय आमास्नी."

आमच्या घरी खंडेनवमी कधी होत नाही. रजेच्या व्यवस्थेत मी उंदीर, चोर, वीज जाणं, आग, सगळ्याचा विचार केला होता. खंडेनवमीचा केला नव्हता.

"आणि मग काल?"

"मग काल तुमच्या हुकमापरमानं भित पुसली. सोड्याच्या पान्यानं. कार्डावरनं बी फडकं फिरवलं."

मी पंचाक्षरी साहेबांकडं वळलो आणि, आता कबूल करतो, थोडा फुगलो. "साहेब, वरून काही आलेलं नाही. हळदीत एक रंगद्रव्य असतं. सोडा लागला की ते लाल होतं आणि आंबट लागलं की पुन्हा पिवळं. ही एक अत्यंत सूक्ष्म रासायनिक—"

"ह्यात शिकायचं काय हाय?" धुरपदाबाई म्हणाल्या. "हळदीच्या लुगड्याला साबन लागला की लाल डाग पडतोय. लिंबू चोळलं की जातोय. लगीनघरात पोरीसोरीस्नी ठावं असतंय."

"मग काल कार्डं लाल झालेली दिसली तेव्हा बोलला का नाहीत?"

"हात, डोळा आन तोंड घालायचं न्हाय म्हनून तुमीच वाचून दावलं. हात घातला त्यो तुमच्या हुकमानं. डोळा चुकून गेला. तोंड तरी राखावं म्हनलं."

मी पिराजीकडं पाहिलं. "आणि तू? दोन दिवस कार्डं पिवळी होती, ते नाही सांगितलंस."

"पिवळ्याचं तुमी इचारलंच न्हाय."

ॲसिडचा बोळा फिरवून मी पाचही कार्डं पिवळी केली. पंचाक्षरी साहेबांनी यादीच्या तळाशी स्वतःच्या हातानं लिहिलं: पिवळे ते पांढरेच समजावे. सही केली. पिराजीनं ते वाचलं आणि स्टुलावरून उठला. दहाला वीस मिनिटं कमी होती.

पहिला कॅन आबारावांचा. पहिली तपासणी सोड्याची. दूध आंबत आलं की काही जण त्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकतात, आंबटपणा लपतो. नळीत दूध घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. गुलाबी झालं तर सोडा आहे, आणि सोडा असेल तर अख्खा कॅन परत.

नळी गुलाबी झाली.

"आबाराव," मी म्हणालो, "दुधात सोडा आहे."

आबारावांनी हातातला डाव ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, "साहेब, तोंड धुवायला पानी न्हाय माज्या घरी. सोडा कशात कालवू?"

दुसऱ्या गावाची नळी. गुलाबी. तिसऱ्या गावाची. गुलाबी. पिराजी एकेक नमुना देत होता आणि स्टँडमध्ये गुलाबी नळ्यांची रांग लागत होती, कागदी फुलांच्या दुकानासारखी. सातवी नळीसुद्धा गुलाबी. सात गावं, एकाच सकाळी, सगळी लबाड. बाहेर जमलेली माणसं एकमेकांकडं संशयानं बघायला लागली. तपासणी बंद आहे हे कळल्याबरोबर सगळ्यांनी हात धुऊन घेतले, असंच कुणालाही वाटलं असतं. मला वाटलं.

पंचाक्षरी साहेबांनी खिशातून पेन काढलं. "शिवलिंगप्पा," ते शांतपणे म्हणाले, "गाडी वळव. नळदुर्गला जायचं."

टँकर घरघरला. आबाराव कॅनवर बसले.

मी पुन्हा नळ्यांकडं पाहिलं, मग धुरपदाबाईंकडं. त्या छताकडं बघत होत्या. फार लक्ष देऊन बघत होत्या. तोंड घट्ट मिटलेलं.

"धुरपदाबाई, तुम्हाला तोंड घालायची परवानगी आहे. लेखी नंतर देतो. बोला."

"नळ्याबी सोड्यानंच धुतल्या की," त्या एका दमात म्हणाल्या. "हिसळायला पानी कुठं हुतं? टाकीत खडखडाट. तशाच पालथ्या घातल्या."

मी धावत जाऊन टँकरसमोर उभा राहिलो. दोन्ही हात वर. शिवलिंगप्पानं ब्रेक दाबला आणि कानडीत मला जे म्हणाला ते बहुधा आशीर्वाद नसावेत. मी म्हणालो, "पाणी. गाडीत पाणी आहे का?"

"प्यायचं हाय. सोलापूरपर्यंतचं."

"द्या."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, उन्हातल्या कॅनकडं पाहिलं आणि सीटखालून पाण्याचा डबा काढून मुकाट्यानं धुरपदाबाईंच्या हातात दिला. त्यांनी सात नळ्या त्या पाण्यात तीनतीनदा विसळल्या, थेंब न सांडता. मग मी पुन्हा पहिली नळी घेतली. दूध. औषध. बाहेरची माणसं दारात दाटली होती.

रंग बदलला नाही. दुसरी नळी, तिसरी, सातवी. एकही गुलाबी झाली नाही.

दोन कॅन आंबट निघाले, त्यातला एक आबारावांचा. पण बाकीचं नऊशे लिटर दूध थंड होऊन टँकरमध्ये गेलं आणि साडेअकरा वाजता शिवलिंगप्पा निघाला. जाताना त्यानं तहानेनं कोरडा पडलेला हॉर्न वाजवला, असं मला तरी वाटलं. पंचाक्षरी साहेब जीपमध्ये बसताना म्हणाले, "पद्धत चांगली आहे, बब्रुवान. भोकं बुजव."

भोकं मी त्याच दिवशी बुजवली. यादीची नवी आवृत्ती टाइप केली. धुरपदाबाईंना हात, डोळा व तोंड, तिन्ही अधिकार दिले, कार्ड काढण्या-लावण्यासकट. त्यांनी अंगठा उठवला. आणि एक नवं कलम घातलं, ज्याच्यामुळं पुन्हा असा घोटाळा होणं अशक्य होतं: खिळ्यावर लाल कार्ड दिसल्यास प्रथम त्यावर ताकाचा थेंब टाकून पाहावे. पिवळे झाल्यास रीत चालू समजावी. लालच राहिल्यास रीत खरोखर रद्द समजून सर्वांना कळवावे.

आठ दिवसांनी मी औषधं आणायला सोलापूरला गेलो. मुक्काम करून सकाळी नऊच्या एस.टी.नं परत आलो, खूश होतो, आणि उतरलो तर बॅग पुन्हा हातातच राहिली. कॅन बाहेर. टँकर फाटकात. दारात स्टुलावर पिराजी.

"आता काय झालं?"

"जिल्ह्यावरनं टपाल आलं, साहेब. खाली लिवलं हुतं, 'कार्डाशेजारी दर्शनी लावावे.' धुरपदाबाईनं सोताच्या अधिकारात लावलं."

मी आत गेलो. सहाव्या खिळ्यावर पंचाक्षरी साहेबांचं परिपत्रक लटकत होतं. जिल्हा कार्यालयात त्या वेळी जो कागद शिल्लक होता त्यावर छापलेलं, आणि तो लालभडक होता. त्यातून ताक ठिबकत होतं.

"ताक टाकून बघितलं?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"दोनदा," धुरपदाबाई म्हणाल्या. "मग म्या लिंबूबी पिळलं. न्हाय हटलं. ह्ये खरं लाल हाय, साहेब."

"सात गावाला चिठ्ठ्या गेल्या," पिराजी म्हणाला.

मी ओला कागद जवळ घेऊन वाचला. ताकातून एवढीच ओळ नीट दिसत होती: सर्व केंद्रांनी तपासणी तातडीने पूर्ववत सुरू करावी.

बाहेर शिवलिंगप्पा हॉर्न वाजवत होता. मी खिशातून नियमांची यादी काढली आणि चूक शोधायला लागलो. पिराजीनं सगळं बरोबर केलं होतं. धुरपदाबाईंनी तर नियमापेक्षा एक लिंबू जास्त वापरलं होतं. मी खालची माझीच सही पाहिली आणि यादी घडी करून परत खिशात ठेवली.